रिकामं कसं द्यायचं

मनूने कलाशी कट्टी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं काम काय केलं, तर कलाच्या मालकीचं जे जे काही घरात होतं ते शोधायला घेतलं. अर्धं खोडरबर सापडलं. एक निळी रिबीन सापडली. कानाला लावला की समुद्र ऐकू येणारा शंख सापडला. शंख परत करण्याआधी तिने तो एकदा शेवटचा कानाला लावून पाहिला. समुद्र नेहमीपेक्षा हळू बोलत होता. त्यालाही बहुधा कळलं असावं.

सगळ्यात शेवटी फडताळात कलाच्या आईची वाटी मिळाली. ती ओळखायला सोपी होती. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'सौ. गंगुबाई दामाजी' असं कोरलेलं होतं, आणि आडनावापर्यंत पोचायच्या आत वाटी गोल फिरून पुन्हा 'सौ.'ला येऊन टेकली होती.

कट्टीचा कायदा साधा होता. ठाण्याला खाडीच्या अंगाला दगडाबाईंची चाळ होती, आणि तिथल्या सगळ्या मुलांना तो पाठ होता. कट्टी झाली की बोलणं बंद, आणि एकमेकींचं असेल ते परत. बोलणं अगदीच अडलं तर दोघींमधल्या एखाद्या वस्तूला सांगायचं. मनूच्या आणि कलाच्या खोल्या गॅलरीत शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही दारांच्या मधोमध एक लाकडी खांब होता, त्यामुळे त्यांना वस्तू शोधायला लांब जावं लागलं नाही.

मनू नऊ वर्षांची होती आणि तिचं पूर्ण नाव मनुबाई होतं. वडिलांच्या आत्याचं नाव. शाळेत नवीन बाई आल्या की हजेरीला 'मनुबाई' म्हणून वर बघायच्या आणि कुणाची तरी आजी उठून उभी राहील म्हणून थांबायच्या. पण असलं नाव असलेल्या माणसालाही एक सख्खी मैत्रीण होती आणि ती भिंतीपलीकडेच राहायची, ही आयुष्यातली मोठी सोय होती.

ती सोय आदल्या संध्याकाळी लगोरीत संपली. कला कप्तान होती. भिडू मागायची वेळ आली तेव्हा मनू अर्धा पाय पुढे टाकून उभी होती, कारण पहिलं नाव तिचंच येणार होतं. कला म्हणाली, "कमळा."

कमळा म्हणजे नुकतीच विठ्ठलवाडीहून वरच्या मजल्यावर राहायला आलेली मुलगी. तिला लगोरीतलं काही येत नव्हतं. तिने मारलेला चेंडू एकदा तिच्याच मागे गेला होता. मनूचं नाव कलाने दुसरं घेतलं. मनूने पुढे टाकलेला पाय मागे घेतला, करंगळी वर केली आणि म्हणाली, "कट्टी."

"का पण?" कलाने विचारलं.

पण कट्टी झाल्यावर बोलता येत नाही, त्यामुळे कारण सांगायची सोय उरली नव्हती.

एरवी अशी कट्टी मनूने आरामात चालवली असती. पण सुट्टी लागली होती आणि येत्या रविवारी ती आईबाबांबरोबर साताऱ्याकडे गावी जाणार होती, ती थेट जूनमध्ये परतायला. चाळीतल्या मुलांचं असं ठाम मत होतं, की माणूस गावाला जाताना कट्टी सुटलेली नसेल तर ती गावी जाऊन पिकते आणि मग कधीच सुटत नाही. पुरावा म्हणून वरच्या मजल्यावरचे दोन मुलगे दाखवले जायचे. त्यांना आता मिसरूड फुटलं होतं, दोघं एकाच कॉलेजात जात होते, आणि अजून एकमेकांना कोपऱ्यावरच्या पानवाल्यामार्फत वेळ विचारत होते.

म्हणजे रविवारच्या आत बट्टी व्हायला हवी होती. पण आधी बट्टी म्हणायची कलाने. दुसरं नाव घेणाऱ्याने पहिलं बोलावं, एवढाच न्याय मनूला हवा होता. तिचा बेत असा होता, की आपली वाटी परत आलेली पाहून कलाचा ऊर भरून येईल.

तिने खोडरबर, रिबीन, शंख आणि त्यांच्या शेजारी वाटी नेऊन कलाच्या उंबऱ्यावर ठेवली. कला आत वेणी घालत होती.

"खांबा," मनू म्हणाली, "तिला सांग, तिची वाटी घे म्हणावं."

खांबाने निरोप पोचवला.

"खांबा," आतून आवाज आला, "तिला सांग, वाटी आईची आहे. माझी नाय."

कलाचा ऊर काही भरून आला नाही. मात्र गॅलरीच्या टोकाला तांदूळ निवडत बसलेल्या दगडाबाईंनी मान वर केली. दगडाबाई चाळीच्या मालकीण होत्या, आणि चाळीतल्या एकुलत्या एका टीव्हीच्याही. रविवारचा सिनेमा कोणी खोलीत बसून बघायचा आणि कोणी खिडकीतून, हे त्या ठरवत. त्यामुळे रीतभात या विषयात त्यांच्यावर अपील नव्हतं.

"काय गो मनू, वाटी रिकामी ठेवलीस?"

"त्यांचीच आहे, आजी."

"कोनाची का असंना. भांडं कदी रिकामं परत द्यायचं नसतं. घरातली बरकत जाते त्याच्याबरोबर." आणि दगडाबाईंनी मनूच्या आईला अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मंजुळे! पोरीला काय शिकवलंस की नाय?"

मंजुळाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, वाटी बघितली आणि कानशिलांपर्यंत लाल झाल्या. साताऱ्याकडच्या माणसाला ठाण्यात येऊन रिकाम्या वाटीवरून बोलून घ्यायला लागावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी वाटी उचलून आत नेली, शिगोशीग कारळ्याची चटणी भरली आणि मनूच्या हातात दिली. "जा, दिऊन ये. आणि नीट 'आईनं दिलीय' म्हण."

मनूने वाटी नेऊन पुन्हा उंबऱ्यावर ठेवली आणि आईनं दिलीय हे खांबाला सांगितलं.

आता अडचण कलाची झाली. वाटी त्यांची होती, ती घ्यायलाच हवी. चटणी मनूकडची होती, ती कट्टीत घेता येत नव्हती. कलाने बराच वेळ वाटीकडे पाहिलं. मग ती आत गेली, झाकणाची एक डबी आणली, चमच्याने सगळी चटणी डबीत काढली, आणि डबी मनूच्या उंबऱ्यावर ठेवली.

"खांबा, तिला सांग, वाटी आमची, ती ठेवली. चटणी तुमची, ती घ्या."

कायद्याच्या दृष्टीने यात चूक काही नव्हती. मनूने डबी उचलली. आतलं आपलं आणि बाहेरचं त्यांचं, अशी वस्तू घरात कुठे ठेवायची हे तिला कळेना. ती डबी घेऊन उंबऱ्यावरच बसून राहिली. दुपारच्या ऊन वाऱ्याबरोबर खाडीचा खारट वास येत होता, आणि डबीच्या झाकणात गॅलरीचं छप्पर, खांब आणि मनूचं नाक ही सगळी वाकून एकमेकांना भेटत होती.

"ही कुणाची डबी?" मंजुळाबाईंनी विचारलं. झाकण उघडलं. "अगं बया! चटणी परत पाठिवली?"

"मला काय माहीत," मनू म्हणाली.

खरं सांगायची सोय नव्हती. कट्टी मोठ्यांना कळली की ते लगेच 'चला, भांडू नका' म्हणून दोघींची बोटं धरून जुळवून देतात, आणि मोठ्यांनी लावलेली बट्टी धरत नाही. पोलिओच्या डोसासारखं असतं ते. तोंडात घातलं तरी मुलाने गिळायला हवं.

मंजुळाबाईंनी चटणी चाखून पाहिली. मीठ बरोबर होतं. म्हणजे गंगुबाईला एवढीशी चटणी दिल्याचा राग आला, असा त्यांनी अर्थ काढला. आणि डबी तर परत द्यायचीच होती. रिकामी कशी द्यायची? त्यांनी शेंगदाण्याचे लाडू वळले, डबीत मावेनात तेव्हा दाबून बसवले, आणि स्वतः नेऊन दिले.

कलाची आई, गंगुबाई, नौपाड्याच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. त्या दुपारी रिकामी पाटी घेऊन घरी आल्या तर घरात लाडू.

"मंजुळाकाकूंनी दिले," कला म्हणाली. "सकाळी चटणी पण दिलेली. ती मी परत केली."

"परत केलीस?" गंगुबाई पाटीसकट खाली बसल्या. "अगो मेले, शेजाऱ्यानं दिलेलं कोन परत करतं? आता ती काय म्हनंल? कोळणीला गर्व झाला म्हनंल!"

झालेली चूक भरून काढायला गंगुबाईंनी तपेलीभर कोलंबीचं कालवण केलं आणि झाकून मनूच्या दारात नेऊन दिलं. दुर्दैवाने तो सोमवार होता.

मनूचे बाबा, कुंडलिक, वागळे इस्टेटमध्ये वॉशर बनवायच्या कारखान्यात होते आणि सोमवार कडक पाळायचे. कालवण घरात घेता येईना, परत तर देता येतच नव्हतं. शेवटी तपेली खांबाच्या पायाशी ठेवली गेली, वर ताटली आणि ताटलीवर दगड. संध्याकाळी कुंडलिक कामावरून आले, जिना चढले आणि खांबापाशी थांबले. चपला काढायला म्हणून थांबले होते, पण चपला काढून झाल्यावरही तिथेच होते.

"दगडाबाई," ते शेवटी म्हणाले, "सोमवार नेमका कधी संपतो हो?"

"चांदनी दिसली की उपास सुटतो."

"उपास सुटतो ते झालं. सोमवार संपतो का?"

दगडाबाईंनी तपेलीकडे पाहिलं. कुंडलिकांनी दगडाबाईंकडे पाहिलं आणि आतून एक वाटी आणवून, त्यात कालवण घालून, नम्रपणे त्यांच्यापुढे ठेवली. दगडाबाईंनी एक कोलंबी खाऊन पाहिली.

"संपतो," त्या म्हणाल्या.

मंगळवारी तपेली परत गेली ती पिठलं आणि भाकरी घेऊन. बुधवारी डबा आला, त्यात भरलेले बोंबील. डबा गेला तो दोडक्याच्या भाजीने भरून, आणि डब्यात मावेना ती मंजुळाबाईंच्या स्वतःच्या पातेल्यातून. आता ते पातेलंही परत यायला मोकळं झालं. गुरुवारी त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वर सुकटीची चटणी. मनू आणि कला दोघी भांडी पोचवायच्या, उंबऱ्यावर ठेवायच्या, खांबाला सांगायच्या आणि एकमेकींच्या डोक्यावरून पलीकडे बघायच्या.

दोन्ही आया समोरासमोर आल्या की गोड बोलायच्या.

"अहो गंगुबाई, कशाला हो एवढं?"

"असू दे वो मंजुळावैनी. तुमी काय कमी करता?"

"छे, आमचं काय, गरिबाचं पिठलं."

"आमचं तरी काय, चार बोंबील."

त्या इतकं गोड बोलायला लागल्या की चाळीला काळजी वाटू लागली. घरात शिरल्यावर मात्र मंजुळाबाई म्हणायच्या, "तिला वाटतंय आमच्याकडं खायला न्हाई!" आणि भिंतीपलीकडून गंगुबाईंचा आवाज यायचा, "मना खाली बघायला लावते काय!" भिंत पातळ होती.

या सगळ्यात दोनच माणसं सुखी होती. एक मनूचे बाबा. त्यांच्या डब्याची वार्ता कारखान्यात पोचली होती आणि जेवणाच्या सुट्टीत फोरमन खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसायला लागला होता. दुसरे कलाचे बाबा, दामाजी. ते पहाटे खाडीत होडी घालायचे, दुपारी घरी यायचे आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याचे लाडू खायचे, असं जेवण जगात दुसरं नाही म्हणायचे. गुरुवारी संध्याकाळी दोघं खांबाला टेकून विडी ओढत उभे होते. मनू आतल्या बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय झालंय वो यांचं?" दामाजी हळूच म्हणाले.

"माहीत नाही. पण मिटवायच्या भानगडीत पडू नका."

"मी कशाला पडतंय? उद्या काय हाय तुमच्याकडं?"

"मासवड्या म्हणत होती."

दामाजींनी डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी दुपारी मनूला झोप लागली आणि तिने पाहिलं, की गॅलरीत भरती आली आहे. पाणी जिन्याने हलक्या पायांनी वर चढत होतं, कुणाची झोप मोडू नये म्हणून. पाण्यावर वाट्या तरंगत होत्या, डबे, तपेल्या, पातेली, सगळी नावं कोरलेली, होड्यांसारखी रांगेत. प्रत्येक होडी मनूच्या दारापाशी यायची, जरा थांबायची आणि वळून कलाच्या दाराकडे जायची. तिथेही थांबून परत यायची. कुठल्याच होडीला कुणी उतरवून घेत नव्हतं. खांब मधोमध उभा होता आणि त्याच्या टोकाला दिवा लागलेला होता. मनूने त्याला विचारलं, "यांना कुठे जायचंय?" खांब म्हणाला, "मला नको विचारू. मी फक्त निरोप्या आहे."

ती जागी झाली तेव्हा गॅलरीत आई उभी होती. हातात मासवड्यांची परात, आणि गंगुबाईंचं दार आतून लावलेलं. इतक्या दुपारी ते कधीच लावलेलं नसायचं. मंजुळाबाईंनी कडी वाजवली नाही. त्यांनी परात उंबऱ्यावर ठेवली, खांबाकडे वळल्या आणि थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "सांग बाबा तिला. आमचं काय चुकलं असंल तर एकदा बोलून दाखव म्हणावं. असं भांड्यांनी मारू नको."

मनू उठून बसली. खांब फक्त मुलांचा होता. मोठी माणसं त्याच्याशी बोलायला लागली, याचा अर्थ कट्टी सांडून घरभर पसरली होती. आई आणि गंगूमावशी म्हणजे वाळवणाला एका चादरीची दोन टोकं धरणाऱ्या. एकीच्या घरातलं विरजण दुसरीच्या घरात लागायचं. आणि त्यांचीही रविवारी गावाला जाताना कट्टी राहिली तर? दोघी म्हाताऱ्या होतील आणि एकमेकींना पानवाल्यामार्फत वेळ विचारतील.

त्या संध्याकाळी मुलं लगोरी खेळत होती तेव्हा मनू गॅलरीत एकटी खांबापाशी गेली. इकडेतिकडे पाहिलं. दोन बोटं पुढे केली आणि खांबाला अगदी हळू म्हणाली, "बट्टी."

खांबाने निरोप पोचवला की नाही कळायला मार्ग नव्हता. कलाच्या दाराला कुलूप होतं. ती आईबरोबर सुकी मासळी उचलायला खाडीवर गेली होती. मनूला हायसं वाटलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदम कसं येतं, याचं तिला आश्चर्य वाटलं. गॅलरीच्या टोकाला दगडाबाई तांदूळ निवडत होत्या आणि तांदळाकडे बघून बोलल्यासारख्या म्हणाल्या, "खांबाला कान नसतात गो बाय. मला हायेत."

शनिवारपर्यंत मंजुळाबाईंच्या मांडणीवर स्वतःच्या नावाचं एकही भांडं उरलं नव्हतं. नेमकं कसं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. चहा 'सौ. गंगुबाई'त उकळत होता आणि पलीकडे गंगुबाईंचा भात 'सौ. मंजुळा'त शिजत होता. घरात आपलं असं एकच मोठं भांडं राहिलं होतं. माहेराहून आलेलं पितळी घंगाळ, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. भावाच्या मुलीचं लग्न होतं, हळदीच्या आंघोळीला तेच लागणार होतं आणि रविवारी ते गावी न्यायचं होतं. तरी मंजुळाबाईंनी ते उतरवलं, वर्षाच्या वाळवणातल्या कुरडया, पापड आणि सांडगे त्यात रचले, आणि नवऱ्याला एक कडी धरायला लावून शेजारी नेऊन दिलं.

"एवढं?" गंगुबाई म्हणाल्या.

"असू दे. घंगाळ तेवढं उद्या सकाळी लागंल."

मग दोघी दारात जरा थांबल्या. दगडाबाईंनी दोघींना टीव्हीच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि तेव्हा टीव्हीवर काही नसतानाही तिघी बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींनी तोंडाला पदर लावला होता. मनूला वाटलं रडताहेत.

रविवारी सकाळी सामान गॅलरीत आलं. ट्रंक, वळकटी, पाण्याची कळशी. कुंडलिक रिक्षा बघायला खाली गेले. घंगाळाचा पत्ता नव्हता. मनू ट्रंकेवर बसली होती आणि शेजारच्या बंद दाराकडे बघत होती. आता थोड्याच वेळात एसटी सुटेल, कट्टी गावी जाईल, आंब्याच्या अढीत पिकेल, आणि जूनमध्ये नव्या शाळेत, पाचवीच्या वर्गात, कला कमळाच्या बाकावर बसेल. मनू दोन बोटं फ्रॉकच्या खिशात तयार धरून बसली होती. पण ती बाहेर काढायला हात ऐकत नव्हता.

"गंगे," दगडाबाईंनी हाक मारली, "यांची गाडी जाईल ना गो! घंगाळ दे."

दार उघडलं. गंगुबाई बाहेर आल्या.

"कशी देऊ, दगडाबाय? भांगाचं पानी हाय, भरतीला जोर नाय, जालं टाकलं तर नुसतं पानीच वर येतं. म्हावऱ्याचं कांड नाय घरात. सगलं तर यांच्याकडंच गेलं."

"मग काय, रिकामं देनार?"

"रिकामं कसं द्यायचं?" आतून दामाजी म्हणाले.

आणि दामाजी मागे, गंगुबाई पुढे, अशा दोघांनी दोन कड्या धरून घंगाळ बाहेर आणलं. घंगाळात कला बसली होती. गुडघे हनुवटीला, निळी रिबीन बांधलेली, मांडीवर शंख. चेहरा इतका गंभीर, की कुणाची हसायची छाती होईना. घंगाळ गॅलरीतून हलत डुलत, पाण्यावरून आल्यासारखं आलं आणि मनूच्या उंबऱ्यावर टेकलं.

गॅलरीत सगळी दारं उघडली. वरून कमळा वाकून बघत होती.

"खांबा," घंगाळातून आवाज आला, "तिला सांग, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"थांब, हलू नको, पडशील," मनू धावत पुढे झाली. "हात दे मला. नाही, दोन्ही दे."

कलाने दोन्ही हात दिले. ती उतरल्यावर मनूच्या लक्षात आलं, की मध्ये खांब नव्हताच. ती सरळ बोलली होती. आणि पहिली बोलली होती. तिने दचकून कलाकडे पाहिलं. कलाच्याही ते लक्षात आलं होतं, पण ती आपला पाय झटकत राहिली आणि काही म्हणाली नाही. नऊ वर्षांच्या माणसाने दाखवलेलं एवढं औदार्य त्या चाळीने पूर्वी पाहिलं नव्हतं.

"बरं," मंजुळाबाई म्हणाल्या, "आता पोरीला घरात घ्या, आमाला उशीर होतोय."

"घरात कशी घेऊ?" गंगुबाई म्हणाल्या. "दिलेलं परत घेतात काय, वैनी? तुमी परत आलेल्या चटनीवरनं आठवडाभर रागावलात." आणि त्यांनी दारामागून एक कापडी पिशवी काढली. फ्रॉक, टॉवेल, तेलाची बाटली, सगळं आधीच भरलेलं. "माझं बाजार सोडून कुठं जानं होत नाय. जरा आंबे खाऊ दे तिला. जूनला द्या आणून."

"तशी म्या अर्ध्या तिकिटाची आधीच सोय केलीय म्हणा," मंजुळाबाई सहज म्हणाल्या आणि वळकटी उचलून जिना उतरू लागल्या.

खाली रिक्षा घेऊन आलेल्या कुंडलिकांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी वर बघून दामाजींकडे पाहिलं. दामाजी खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचाही पडलेला होता. आठवडा चांगला गेला होता.

एसटी घाटाला लागेपर्यंत दोघी खिडकीशी बसल्या होत्या. पायाशी घंगाळ होतं आणि वळणावर आपोआप हळू वाजत होतं. डोंगर मागे पडत होते आणि पुढे पुन्हा तेच डोंगर येत होते. शंख एकदा मनूच्या कानाला लागत होता, एकदा कलाच्या.

"कमळाला का मागितलंस आधी?" शेवटी मनूने विचारलं.

"अगं, मागतात कोणाला?" कला म्हणाली. "जे आपलं नसतं त्याला. तू तर होतीसच."

मनूने हे नीट आत ठेवून घेतलं. मग तिला एक शंका आली.

"मग मला दुसरं तरी का मागितलंस?"

कलाने प्रामाणिकपणे विचार केला. "तू पाय पुढे टाकून उभी होतीस ना. नाही मागितलं असतं तर वाईट दिसलं असतं."

थोड्या वेळाने कला मनूच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. मनू खिडकीबाहेर बघत जूनचा विचार करत होती. जूनमध्ये कलाला परत द्यायला लागणार होतं. ते ठीक आहे, कला त्यांचीच होती. पण नुसतीच कशी परत द्यायची? बरोबर काहीतरी द्यायला हवं. मनूने घरातल्या सगळ्या वस्तू आठवून पाहिल्या आणि कलाच्या तोलाची तिला एकच सापडली. म्हणजे आपणच जायचं तिच्याबरोबर. मग गंगूमावशीला मनू परत करायला लागेल. तीही एकटी कशी देणार? बरोबर कलाला पाठवावं लागेल. मग आईला कलाला परत द्यावं लागेल, आणि पुन्हा...

इथवर आल्यावर मनूला दिसलं, की याला पुढे शेवटच नाही. तिने समाधानाने डोळे मिटले. पायाशी घंगाळ वाजत होतं, आणि रिकामं असूनही त्याचा आवाज भरलेल्या भांड्यासारखा येत होता.